एकुलती बचावनौका

खेळ आम्हा दोघी बहिणींचा, घरीच रचलेला. मध्ये खोक्याच्या झाकणाचा आडोसा ठेवून प्रत्येकीनं शंभर गुणांत आपला अंतराळयानांचा ताफा निवडायचा, मग लढाई. ताई दरवेळी डब्यातली एकुलती एक बचावनौका उचलायची आणि सपाटून हरायची. “चाळीस गुण फार होतात गं. एकच तोफ आहे बिचारीला. कमी कर ना!” नियम माझे, मी कसली ऐकतेय! ताई गेल्यावर एका दुपारी दोघींच्या वतीनं एकटीच खेळायला बसले. आधी बचावनौकेचे गुण निम्म्यावर आणले. मग आडोसा उभा करून माझा ताफा निवडला, उठून ताईच्या खुर्चीत बसले. ताईसाठी काय घ्यायचं, हे ठरलेलंच. डब्यात हात घातला, बचावनौका नव्हती. डबा उपडा केला, टेबलाखाली वाकून पाहिलं. शेवटी आडोसा काढला. स्वस्त झाली म्हणून पहिल्याच फटक्यात, खेळाच्या नादात, ती मीच उचलली होती.