चौकोन

ऋताचं काम घरबसल्या होतं. बनारसच्या रस्त्यांचे फोटो यायचे आणि त्यातल्या वाहनांभोवती, माणसांभोवती, जनावरांभोवती तिनं चौकोन काढायचे. त्यावरून एका कंपनीचे गाड्यांत बसवायचे कॅमेरे समोरचं ओळखायला शिकणार होते.

एका फोटोत अपंगांची, हातानं चालवायची तीनचाकी दिसली, अगदी बाबांच्यासारखी. कशाकशाभोवती चौकोन काढायचे त्या यादीत सांडसुद्धा होता, ही नव्हती. तिनं कामावरच्या साहेबांना फोन केला.

"लिस्ट में नहीं है ना? छोड़ दीजिए. बैठे हुए आदमी को भी."

पुढे अशा कितीतरी तीनचाक्या तिनं सोडून दिल्या.

वर्षभरानं तिच्या भावानं, आदित्यनं, त्याच कंपनीचा कॅमेरा बसवलेली नवी गाडी घेतली. त्यांचं घर असलेल्या दूधविनायकच्या गल्लीत गाडी शिरणं शक्यच नव्हतं. म्हणून पूजेचं ताट मांडीवर घेऊन बाबाच आपल्या तीनचाकीतून रस्त्यावर आले, आणि कडेला न थांबता त्यांनी हौसेनं ती थेट गाडीच्या वाटेत उभी केली.

ऋता आदित्यच्या शेजारी बसली होती.

"ताई, आता गंमत बघ," तो म्हणाला. "मी ब्रेकला पायच लावत नाही. बाबांसमोर गाडी आपोआप थांबेल."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. रिक्षाभोवती चौकोन होता, फुलवालीभोवती होता, रस्त्यात बसलेल्या सांडाभोवतीही होता.



बाबांच्या जागी नुसता मोकळा रस्ता होता.