शालनची लगोरी

चेंडू शालनच्या पाठीत बसला आणि खेळ थांबला.

चेंडू रबरी होता, आणि फेकणारा नंदकिशोर. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या गल्लीत त्याच्यासारखा नेम कुणाचा नाही. शालन दहा वर्षांची. पोलिओनं उजवा पाय वाळलेला, त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या. ती लगोरीशी बसली होती. सहा दगड रचून झाले होते, सातवा हातात होता. तिच्या गटातले बाकीचे सगळे गडी बाद झाले होते.

"मेल्या, डोळे फुटले का तुझे?" शकुंतलाबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी नंदकिशोरचा कान धरला.

शकुंतलाबाई मराठी मंडळाच्या महिला समितीच्या चिटणीस. अपंग मुलांनी दर रविवारी इतर मुलांबरोबर खेळावं, ही कल्पना त्यांचीच. समितीत बायका सात. कळवळा सातही जणींना होता. उन्हात येऊन बसायला मात्र एकट्या शकुंतलाबाई. तेव्हा त्यांना नावं ठेवणाऱ्यानं आधी आपली खुर्ची आणावी. नियमही त्यांनीच घालून दिला होता. शालनला कुणी चेंडू मारायचा नाही. ती कच्चं लिंबू. घरात मराठी आणि गल्लीत कानडी बोलणारी ती पोरं म्हणायची, 'आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल'. खेळात आहे, मोजणीत नाही.

पहिले दोन रविवार शालन नुसती उभी राहिली. तिसऱ्या रविवारी गुंडोच्या डोक्यात उजेड पडला. गुंडो तिच्या गटाचा म्होरक्या, तेरा वर्षांचा आणि वयाच्या मानानं फारच व्यवहारी. शालनला मारायचं नाही, म्हणजे शालन बाद होणार नाही. मग पळापळ कशाला? बाकीचे बाद होईनात का, ती सावकाश बसून सातही दगड रचील. तसंच झालं. ओळीनं तीन रविवार गुंडोचा गट जिंकला. शकुंतलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या अठ्ठावन्न सालच्या अहवालात 'उत्साहवर्धक प्रगती' अशी ओळ गेली. गुंडो तर आपल्याहून तीन वर्षांनी लहान पोरीला अक्का म्हणायला लागला. गरज पडली की माणसाला नातं सुचतं. टाळ्या वाजताना हसत नव्हती ती एकटी शालन. भिंतीशी बसलेल्या तिच्या आईखेरीज ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आज सहावा रविवार.

"माफी माग तिची," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"नाही मागणार." नंदकिशोरचा कान लाल झाला होता. "ती खेळते ना? मग मी मारणार."

"अरे, ती काय तुझ्यासारखी आहे?"

नंदकिशोरनं शालनकडे बघितलं, एवढंच.

शालनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चेंडू जोरात लागला होता. शकुंतलाबाईंनी कान सोडला, तिच्याजवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ती बाद नाही. ठेव गं बाळ तो दगड. ठेव."

गुंडो नाचायलाच लागला. "ठेव अक्का, ठेव! एकच राहिलाय!"

जिंकायचं तर शालनलाही होतं. गेल्या रविवारी गटानं तिला खांद्यावर घेऊन पटांगणाला फेरी मारली होती. आजवर दवाखान्यात न्यायचं असलं तरच तिला कुणी उचललं होतं. दगड ठेवला की पुन्हा खांदे, पुन्हा टाळ्या. आणि पुढच्या रविवारी पुन्हा इथंच बसायचं; चेंडू डोक्यावरून इकडून तिकडे जाणार, तिच्याकडे येणार नाही.

तिनं दगड ठेवला. लगोरीवर नव्हे, शेजारी मातीत. मग दोन्ही हात गुडघ्यावर रेटून ती उठली. पट्ट्या करकरल्या.

"मला चेंडू लागलाय," ती म्हणाली. "मी बाद."

"वेडी का काय तू?" गुंडो किंचाळला. अक्का कुठल्या कुठं गेली. "एक दगड ठेवता येईना तुला? तुझ्यामुळं हरलो आपण! तुझ्यामुळं!"

असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तिनं ते उभ्यानं ऐकून घेतलं आणि पाय ओढत बाद झालेल्यांच्या रांगेकडे निघाली. तिथं तिला कुणी जागा देईना. सगळी चिडली होती. तिनं कोपरानं शेजारच्या पोराला ढोसलं.

"स्वल्प सरक की रे."

"आता आलीस होय," असं पुटपुटत तो सरकला. शालन बसली, तोंड ओंजळीत घातलं आणि हुंदके देऊन रडायला लागली.

शकुंतलाबाई धावल्या त्या भिंतीकडे. "अगं अंबूबाई, बसलीस काय अशी? जा, पाठ बघ तिची. किती लागलंय पोरीला!"

अंबूबाई बेळगावकडची. बोलणं मोजकं. लेकीची सगळी रडणी तिला पाठ होती. सुई टोचतानाचं वेगळं, पट्ट्या आवळतानाचं वेगळं. उंबऱ्यात बसून दुसऱ्यांचा खेळ बघतानाचं तर आवाज न करता. आजचं रडणं तिनं क्षणभर नीट ऐकून घेतलं. ते त्यांतलं कुठलंच नव्हतं. ती जागची हलली नाही.

"रडू द्या, अक्का," ती म्हणाली. "हरलीय ती."