बैलांचा वेग

दख्खनच्या लढायांवरच्या व्हिडिओ गेमचा नवा भाग बाजारात येण्याआधी तपासायचं काम पालमच्या मंजुषाला मिळालं होतं. आयुष्यातलं पहिलंच. पडद्यावर भर पावसात, काळ्या रानातून बैल तोफा घेऊन धावत होते.

मागं उभे असलेले वडील, आश्रुबा, हसले. "बैलं हायेत का मोटारी? चिखलात बैल पळत न्हाई पोरी, गुडघ्यावर येतो."

चूक काढली तर पुढचं काम जाईल अशी धास्ती असूनही तिनं ती कळवली. कंपनीनं विचारलं, "संदर्भ?"

तिनं लिहिलं, "आश्रुबा सोळंके. ऊसतोडीत तीस वर्षं बैलगाडी."

महिन्याभरानं गेम आला. बैल चिखलात अडत होते. शेवटच्या नामावलीतली ओळ तिनं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचली, "इतिहास सल्लागार : आश्रुबा सोळंके."

आश्रुबा चपापले. "इतिहास कशाचा गं? औंदा बी गाडी जुपलीच की म्या!"