झाकलेल्या चपात्या

रुमालाच्या कोपऱ्यातला निळा धागा बोटभर उसवला होता. रिबकानं हे भरतकाम स्वतःच्या संसारासाठी केलं होतं, पण लग्न जमलंच नाही आणि रुमाल मुरबाडच्या घरातच राहिला. ज्यू घरांत शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणाला आशीर्वाद आधी मनुकांच्या सरबतावर म्हणतात, मग चपात्यांवर. मागं पडल्याचं चपात्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या तेवढ्यापुरत्या रुमालानं झाकायच्या, असं आई सांगायची. रिबकाच्या धाकट्या बहिणीला ठाण्याचं स्थळ आलं होतं, पण थोरलीआधी तिचं कसं करायचं, म्हणून बाबांनी वर्षभर होकार दिला नव्हता. मुलाकडचे रविवारी शेवटचं विचारायला येणार होते. बाबांनी पेला उचलला. “नीट झाक गो, कोपरा उघडा राहिलाय,” आई म्हणाली. रिबकानं रुमाल काढला, घडी घालून धाकटीच्या मांडीवर ठेवला. “झाकलं तरी चपात्यांना कळतंच, आई. बाबा, माझ्यासाठी थांबू नका, आधी हिचं लग्न करा.”