एक गोळी जिलेबीची

भाचीच्या लग्नात जिलेबी आहे हे कळताच दिगंबररावांनी सकाळीच बंदोबस्त केला. डॉक्टरांनी मधुमेहाची एकच गोळी सांगितली होती. दिगंबररावांनी दोन घेतल्या. गोड जास्त, तर गोळी जास्त, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पण मंगलाष्टकं म्हणायला नवरीच्या झाडून सगळ्या मावश्या पुढे सरसावल्या आणि पंगत लांबतच गेली. उपाशीपोटी दिगंबररावांना दरदरून घाम फुटला. थरथरत्या हातातल्या अक्षता सांडायला लागल्या.

"अहो, गोळ्या किती घेतल्यात?" शेजारी उभ्या असलेल्या मंदाकिनीबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहूनच विचारलं.

"दोन. एक जिलेबीची."

आजवर घरातले गोडाचे डबे लपवणाऱ्या मंदाकिनीबाई तडक भटारखान्यात गेल्या. त्यांनी आधी साखरेचं पाणी आणून पाजलं, आणि दिगंबररावांचा घाम ओसरल्यावर स्वतःच्या हाताने जिलेबीचा घास पुढे केला.

वऱ्हाडातल्या पोरींना वेगळंच वाटलं. "मामी, घास भरवताय तर नाव घ्या."

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं,

"ताटामध्ये जिलेबी, जिलेबीला केशराचा रंग,
दिगंबररावांना आत्ताच नेते डॉक्टरांकडे माझ्यासंग."