तिसऱ्या गोळीनंतर

टेक्सासातल्या माझ्या बंदुकीच्या दुकानात माल परत आणणारा माणूस भांडायलाच येतो. त्यामुळे रॉयस टिडवेलने रायफल काउंटरवर ठेवताच मीच आधी सुरुवात केली.

"झपाझप गोळ्या सुटणारा ट्रिगर तुलाच हवा होता. असा ट्रिगर कोर्ट आज कायदेशीर म्हणतंय, उद्या काय म्हणेल ते मला विचारू नकोस. आणि विकलेला माल मी परत घेत नाही."

"कायद्याचं राहू दे. हा दर वेळी तिसऱ्या गोळीनंतर अडकतो."

बाहेर त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. गाडीत बसलेली त्याची बायको डार्ला खोळंबली होती.

"आण इकडे. स्प्रिंग बदलून देतो."

त्याने रायफलवर हात ठेवला. "दुरुस्त करू नकोस. हा काढ आणि माझा जुना बसवून दे."

"का रे?"

"आज सकाळी ज्वारीत रानडुकरं शिरली. पीक हललं की मी तिकडे गोळी झाडत होतो. तीन गोळ्या सुटल्या आणि हा अडकला. शिव्या घालत नळी खाली केली, तर समोर चौथं डुक्कर दोन पायांवर उभं राहिलं. डार्ला होती. वाकून कुत्र्याला शोधत होती."

मी रायफल माझ्याकडे ओढून घेतली.

"तिला वाटतं, मी तिला बघून थांबलो," रॉयस म्हणाला. "इतका भिकार माल विकलास, देव तुझं भलं करो."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी चांगला लांबलचक.

"चिडलीये ती. तू जा, मी संध्याकाळपर्यंत करून ठेवतो."

"वाजवू दे," तो म्हणाला. "तू सावकाश कर."