अर्धं नाव

"तुमचे अशील काय प्यायले होते?" न्यायाधीश सोनुनबूबूंनी दुसऱ्यांदा विचारलं.

बेर्मेत उभी होती. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला.

सांगायचं होतं ते एवढंच, की किमिझ. घोडीचं आंबवलेलं दूध. डोंगरावर कुणाच्याही दारी जा, आधी वाडगा पुढे येतो, आणि तो नाकारणं म्हणजे घराला नाकारणं. तिचे सासरे व्याह्यांकडे एक वाडगा पिऊन आपल्या मिनीबसमध्ये बसले आणि लगेच पुढच्या पुलावर निरीक्षक तिलेकने त्यांना यंत्रात फुंकायला लावलं. यंत्र बोंबललं. पण सासऱ्यांचं नाव होतं किमिझबाय. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि त्या नावात दडलेला शब्दही उच्चारायचा नसतो. लग्न झाल्यापासून बेर्मेतनं तो घरात एकटी असतानासुद्धा उच्चारला नव्हता. नमाजाइतकंच हेही रोजचं होतं, कुणाला न दाखवता पाळायचं. उलटतपासणीचे सगळे प्रश्न तिनं पाठ केले होते; हा एक शब्द आडवा येईल हे मात्र ध्यानातच आलं नव्हतं.

"पांढरं," ती हळूच म्हणाली. घरी ती तसंच म्हणायची.

तिलेकनं टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. "ऐकलंत? पांढरी! वकीलच कबूल करतेय. व्होडका!"

गावात व्होडकेला पांढरीच म्हणतात. कारकुनाची बोटं भराभर चालू लागली.

"ती पांढरी नाही हो! दुसरं पांढरं. घोडीचं!"

"घोडीछाप व्होडकाही मिळते, वहिनी."

बाकांवर हशा पिकला.

"आंबट," मागून सासूबाई पुटपुटल्या. जन्मभर त्या 'आंबट'च म्हणत आल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी तरी कुठे घेतलं होतं?

"मागून कुणी बोलायचं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मग बेर्मेतकडे वळल्या. "हे बघा, दवाखान्यातल्या तपासणीत काही आढळलं नाही, ते मी पाहिलंय. पण पुलावर तोंडाला वास कशाचा होता? नोंदीत पांढरं, आंबट चालत नाही. नीट शब्द सांगा. व्होडका असेल तर यांचा परवाना गेला म्हणून समजा."

किमिझबाय ओठ घट्ट मिटून बसले होते. शहरातला वकील करू या असं सगळे म्हणत होते, तेव्हा "घरात सून वकील असताना?" म्हणून त्यांनीच सगळ्यांना गप्प केलं होतं. आणि आज सकाळी सुनेनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, "बाबा, आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही. तुम्ही बोललात की भांडण होतं." पुलावर त्यांनी तिलेकच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आयुष्यात व्होडकेला न शिवलेला माणूस, चारचौघांत दारुडा ठरत होता आणि सुनेला दिलेला शब्द पाळत होता. चेहरा बीटासारखा लाल झाला होता.

बेर्मेतनं त्यांच्याकडे पाहिलं. शब्द उच्चारला असता तर वीज पडणार नव्हती. बाबा रागावलेही नसते. पण कुणी रागावेल म्हणून का कुणी व्रत पाळतं?

तिनं मनात बिस्मिल्ला म्हटलं.

"माननीय, माझ्या अशिलांना त्यांचं नाव विचारा. त्यातला 'बाय' त्यांच्यापाशीच राहू द्या. उरेल ते, ते प्यायले."

कारकुनाची बोटं थांबली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांचे ओठ हलायला लागले होते.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "लाकडं फोडायची ती वस्तू असते ना..." आणि त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्याच हवेत दोन घाव घातले. "ती आमच्या सासऱ्यांच्या नावात आहे. अजून मी अशीच मागते." मग एकदम सावरून बसल्या. "आरोपी, उभे राहा. नाव?"

ते उठले, पण आधी त्यांनी सुनेकडे पाहिलं. बोलू का? तिनं मान डोलावली.

"किमिझबाय!"

खिडकीवरची कबुतरं उडाली.

"मग हे पुलावरच का नाही सांगितलंत, आजोबा?" तिलेक मान खाजवत म्हणाला.

"सांगितलं की, लेका! नाव विचारलंस, म्हटलं किमिझबाय. काय प्यालास विचारलंस, म्हटलं किमिझ. तर तूच म्हणालास, म्हाताऱ्या, पुन्हा पुन्हा नाव काय सांगतोस, चढलीय तुला!"

हसता हसता न्यायाधीशबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातूनच त्यांनी निकाल दिला: आरोप रद्द.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाईंनी शालीखालून डबा काढला. सकाळपासून त्यांनी तो लपवून धरला होता. निकाल चांगलाच लागणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आल्यागेल्याला वाडगा मिळाला. तिलेक "ड्यूटीवर आहे" म्हणाला, सासूबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि तोही प्यायला. किमिझबायनी मात्र किल्ली उंच धरून दाखवली. "चालकाला नको. आधी आमच्या वकीलसाहेबांना!"

बेर्मेतनं दोन्ही हातांनी वाडगा घेतला.

"वहिनी," तिलेक हळूच जवळ आला, "आता तर निकाल लागला. एकदा म्हणा की. काय आहे हो हे?"

सगळे तिच्याकडे वळले. सासरेही कान टवकारून उभे राहिले.

बेर्मेतनं एका दमात वाडगा रिकामा केला, ओठांवरची पांढरी मिशी पुसली आणि वाडगा सासूबाईंपुढे धरला.

"आई, आणखी थोडं अर्धं नाव ओता."